ग्वाल्हेरची टर्बो आणि डावीकडची सीट

ग्वाल्हेर स्टेशनावर उतरले तेव्हा हातात बॅग होती आणि डोक्यात फक्त एक मोटार. ऐंशीच्या दशकातली जपानी टर्बो, हिमालयातल्या घाटांत शर्यती मारलेली. तिचे मालक दादासाहेब यांचा फोन आला होता. "डोळ्यांनी दगा दिला हो, लायसन्स रिन्यू नाही झालं. रविवारी जुन्या मोटारींची फेरी आहे, महाराज बाड्यावरून किल्ल्यावर. तुम्ही रॅली चालवता ना? तर येऊन जा." पुण्यात मी हौसेनं रॅली चालवते. असं आवताण कोण सोडेल?

न्यायला आल्या ताराताई, दादासाहेबांची धाकटी बहीण. सत्तरीला टेकलेल्या, पांढरी वेणी, अंगात जाड स्वेटर. स्टेशनाजवळच्या पडाव भागातल्या गर्दीतून त्यांनी आपली छोटी गाडी अशी काढली की ई-रिक्षा, हातगाडी, गाय, कुणाला धक्का नाही. "आधी नाश्ता करून घेऊ, मग तुमची महाराणी बघा," म्हणाल्या. महाराज बाड्याच्या चौकात उभ्यानं बेडई (डाळ भरलेली पुरी) आणि बटाट्याची भाजी खाल्ली. भाजीनं माझ्या नाकाडोळ्यांतून पाणी काढलं, तेव्हा त्यांनी हातावर गजक (तीळगुळाची कुरकुरीत वडी) ठेवली. ती मात्र मी परत मागून घेतली.

सिटी सेंटरजवळच्या कॉलनीत, बंगल्याच्या शेडमध्ये ती उभी होती. चौकोनी, पांढरी, दारावर शर्यतीचा पुसट आकडा. खरं सांगते, बॅग खाली टाकून मी आधी तिच्याभोवती एक फेरी मारली. दादासाहेब पत्र्यावरून हात फिरवत एकेक पोचा दाखवत होते.

"हा बर्फातला. हा पुलाच्या कठड्याचा."

"आणि हा तुमच्या घाईचा," मागून ताराताई म्हणाल्या.

मग उलगडा झाला. प्रत्येक शर्यतीत डावीकडच्या सीटवर त्याच बसलेल्या. पुढचं वळण केवढं, खडी कुठे, ओढा कुठे, हे त्या ओरडून सांगायच्या आणि दादासाहेब चालवायचे. लष्करात पिढ्या घालवलेलं हे घराणं, हुकूम देणं रक्तातच. पण ही गाडी ताराताईंनी कधी चालवली नव्हती. का, हे कुणी बोललं नाही.

दुपारी सरावाला शहराबाहेर गेलो, मी आणि दादासाहेब. टर्बो म्हणजे काय, तर एंजिनाच्याच धुरावर एक पंखा फिरतो आणि तो जास्तीची हवा आत कोंबतो. आजकालच्या गाड्यांत ते कळतही नाही. या म्हातारीचं तसं नाही. पाय दाबला की आधी काहीच होत नाही. तुम्ही अजून दाबता. मग पाठीत लाथ बसावी तशी ती सुटते. वळणावर सुटली, आणि आम्ही दोघं थेट मोहरीच्या शेतात. गाडीला ओरखडा नाही, पण माझ्या तोंडचं पाणी पळालं. दादासाहेबांनी मुकाट्यानं फोन लावला, "तारा, ये जरा."

ताराताई आल्या, चप्पल काढून बसल्या, आणि ओल्या मातीतून गाडी मागे घेऊन रस्त्यावर उभी केली.

"वळणाच्या आधीच दाबायचं. मग ती बरोबर वळणावर जागी होते."

"तुम्हाला कसं माहीत?"

"इतकी वर्षं शेजारी बसले ना. दादांचा पाय दिसत होता मला."

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हा. कळसा घरात, आणि यांनी वळसा थेट पुण्याला घातला. मी किल्ली ताराताईंच्या हातात दिली आणि सांगितलं, उद्या मी नाही चालवणार.

"मग गाडी घरीच राहील," दादासाहेब म्हणाले.

संध्याकाळी चहा गार झाला तरी ते तेच धरून बसले होते. शेवटी ताराताईंनी विचारलं, "दादा, परकी बाई चालते, मी का नाही?"

त्यांनी गार चहाचा कप बाजूला सारला. "तू तिकडे बसलीस तर मी कुठे बसू? वळणं सांगायला डोळे लागतात, तारा. मतलब, मी सामान झालो."

मला फार वाईट वाटलं त्यांचं.

"किल्ल्याचा रस्ता आहे," ताराताई म्हणाल्या. "लहानपणापासून पाठ आहे तुम्हाला. बघून नाही, आठवून सांगा."

ते हो म्हणाले नाहीत. पण रविवारी सकाळी थंडीत कानटोपी घालून डावीकडचं दार उघडून बसले. मी मागे, गुडघे हनुवटीला लावून.

बाड्यावर गर्दी होती, ढोल होता. किल्ल्याच्या उरवाई दरवाज्याची चढण लागली आणि दादासाहेबांनी डोळे मिटले. "उजवं, लांब. आता दाब. डावं, आवळतं." कड्यात कोरलेल्या उंचच उंच जैन मूर्ती खिडकीतून मागे सरकल्या. एकदा त्यांनी उजव्याऐवजी डावं सांगितलं. ताराताई उजवीकडेच वळल्या आणि काही बोलल्या नाहीत. गाडी शीळ घालत अशी चढली की मागे बसून मीच हसत सुटले.

वर माइकवाला धावत आला, तो दादासाहेबांच्या खिडकीशी. "साहब, कैसी रही आपकी चढ़ाई?"

"उनसे पूछिए. गाड़ी उन्होंने चलाई." मग हळूच मराठीत, "माझ्याहून बरी चालवली."

ताराताई समोर बघत होत्या. "एंजिनच्या आवाजात ऐकू नाही आलं, दादा."

त्यांनी माइक ओढून घेतला आणि सगळ्या किल्ल्याला ऐकू जाईल असं पुन्हा सांगितलं. आरशात ताराताईंचे डोळे भरलेले मला दिसले.

परतीच्या रेल्वेत बसले तेव्हा वाटलं, चालवायला गेले आणि मागे बसून आले, तरी जन्माची आठवण घेऊन आले. खिडकीशी दादासाहेब म्हणाले, "पुढच्या वर्षी पण येऊन जा."

"चालवायला?"

"छे हो," ते म्हणाले. "चालवायला आमची तारा आहे."