परत बघूया

हातखंब्याच्या त्या मेकॅनिकचं नाव मी कधी विचारलं नाही. चाक बसवताना एक नट आवळला की तो शेजारचा सोडून समोरचा धरायचा. पान्ह्यावर पाय देऊन जोर लावणाऱ्याला हाकलायचा. शेवटी म्हणायचा, "वायच फिरवून आणा गाडी, परत बघूया. चाक रस्त्यावर बसतं, हितं नाय."

एकदा चाक बदलून घेतलं आणि लग्नाच्या घाईत आम्ही जीप तशीच लांज्याकडे दामटली. पालीला चहाला थांबलो, तर मागून आलेल्या ट्रकमधून तो उतरला, पान्हा हातात घेऊन. सरळ चाकापाशी बसला. दोन नट अजून फिरले. मी चहा विचारला. जीपमधल्या पोरांकडे बघत तो म्हणाला, "येताना थांबा. परत बघूया."