पोवळ्यायची नळी अन् माही सफाई

पोवळं हे दगड नसून जित्तं जनावर हाय, हे मले नीट समजलं तवा मी त्याले अर्धं मारून बसली होती.

मी वरवट बकालची. आमच्या पट्ट्यात जमिनीखाली पाणी हाय, पण खारं. असं खारं का दुपारपावतर डाळ शिजत नाही अन् साबणाले फेस येत नाही. गोड्या पाण्याच्या हंड्यासाठी मी जनमभर इतकी चालली, का तेवढीच सरळ चालली असती तं समुद्राले लागली असती! त्याचं मले काही वाटत नाही. साऱ्याच बाया चालत होत्या. पण म्हातारपणी पोराकडं बुलढाण्याले राहाले आली अन् पाह्यतो तं काय? माहा विलास मशीनीतून गाळून गाळून पाणी गोडं करते, अन् मंग त्याच्यात इकत आणलेलं मीठ कालवते!

"काऊन रे बाबू," मी म्हनलं, "खारंच पाणी पाह्यजे होतं तं गाव काऊन सोडलं?"

"माय, हे समुद्रासारखं पाणी हाय. याच्यात पोवळे वाढतेत."

बैठकीत भली मोठी काचेची पेटी, वरून निळा लाईट, आत दगडायवर जांभळ्या-हिरव्या फांद्या. मासे दोनच. (एवढ्या पाण्यात आमच्याकडं एक बारसं झालं असतं!) विलासनं त्या फांद्या बोटाएवढ्या आणल्या होत्या. कचेरीतून आला का चपला काढायच्या आंधी पेटीत डोकावणार. बायकोले चिडवायले म्हणे, "हे माहे पोरं." सून मनीषा म्हणे, "मंग यायलेच सांगा भाजी आणाले!"

आता या पोवळ्यायचं सारं एका तपासणीवर चालते. पाण्यात एक क्षार राह्यते, त्याच्यातून ते आपलं हाड बांधतेत. अल्कलिनिटी म्हणतेत त्याले. कमी झाली तं पोवळे उपाशी, जास्त झाली तं भाजून निंघतेत. पेटीखाली एक पंप हाय, तो दिवसभर टिपूक टिपूक सोड्याचं पाणी सोडते, थेच त्यायचं जेवण. तपासायची रीत सोपी. काचेच्या नळीत रेघेपावतर पेटीचं पाणी घ्या, बाटलीतलं औषध थेंब थेंब टाका अन् हालवा. पाणी निळं होते, मंग पिवळं होते. पिवळं झालं का थांबा. जितके थेंब, तितका क्षार. आठच्या जवळपास पाह्यजे.

मनीषा शाळेवर मास्तरीण, हुशार हाय. पण कानाले फोन अन् हातात नळी! "सहा... सात... हाव ताई, बोला ना... नऊ का दहा... जाऊ द्या, आठ!"

विलासले नागपूरले ट्रेनिंगले जाणं होतं. तो म्हणे, "माय, हे तू कर. तुहा हात हालत नाही. मले भरोशाचा आकडा पाह्यजे. अन् नळी तेवढी साफ ठेव."

नळी साफ ठेव! हे मले सांगायचं? मी घासलेल्या गंज-पातेल्यात तोंड पाहून बाया कुंकू लावत होत्या!

नळी हातात घेतली तं आतून पांढुरकी. मनीषाचं काम, दुसरं काय! मी गावाहून येतानी गोवऱ्याच्या राखेचा डबा आणला होता. (मनीषानं तो दोनदा फेकाले काढला अन् मी दोनदा आत आणला.) नळीत बोट जाईना, तं काडीले चिंधी गुंडाळली, राख घेतली अन् अशी घासली का नळी हातात हाय का नाही ते दिसेना! मंग ओंजळभर पाण्यात इसळली. ओंजळभरच. आमच्या पट्ट्यातल्या बाईनं भांड्यावर त्याच्यापेक्षा जास्त पाणी सांडलं तं सासू इचारे, "माहेरी नदी हाय काय?"

थेंब मोजले. अकरा.

"अकरा?" विलास फोनवर ओरडला. "माय, नीट पाह्यलं?"

"माहा हात चुकत नाही."

"मंग पंप कमी कर."

केला. दुसऱ्या दिवशी मनात आलं, नळीले काही लागलं असन. म्हणून आजूक जोरानं घासली. तेरा!

"पंप बंद कर माय! पूरा बंद! भाजून निंघतीन ते!"

बंद केला. तिसऱ्या दिवशी राख दुप्पट घेतली अन् आकडा चौदाच्या वर गेला. इकडं पोवळे सुकून राह्यले होते. दिवसा त्यायचे बारीक बारीक तोंडं उघडे राह्यत, ते मिटले. जांभळी फांदी फिक्की पडली. शेंड्याले पांढरी दिसाले लागली. मी काचेजवळ बसून म्हनलं, "काऊन रे बाप्पा, काय दुखते?" जनावर बोलत नाही, पण दुखते ते समजते. घरी म्हशी पाळल्या हायेत मी.

विलास म्हणे, पाणी बदला. झालं! मी अन् मनीषा बादल्या उचलाले लागलो. मीठ कालवा, ढवळा, ओता, उपसा.

"आई, कंबर गेली माही," मनीषा म्हणे.

"एवढ्यात? मी तुह्या वयाची होती तवा डोक्यावर दोन अन् काखेत एक राहे."

"मंग हे बी घ्या काखेत!"

एवढं करून तपासलं. आकडा तसाच! आता मनीषा माह्याकडं पाहे अन् मी औषधाच्या बाटलीकडं.

"औषध खराब झालं," मी ठासून म्हनलं.

"नाही तं मोजणारी!" सून म्हणे.

भांडण फोनवर गेलं. विलास म्हणे, "एक करा. नळीत पेटीचं नाही, मशीनीचं गाळलेलं पाणी घ्या. त्याच्यात क्षार नाही. पहिल्याच थेंबाले पिवळं झालं पाह्यजे."

मनीषानं चालू फोन ठेवला बाजूले (आयुष्यात पहिल्यांदा!) अन् थेंब टाकले. निळं. निळं. निळं. नवव्या थेंबाले पिवळं. तिनं नळी उजेडात धरली, डोळे बारीक केले.

"आई, बुडाले हे काय हाय? भुरकं भुरकं?"

मी पाह्यलं. भुरकं होतं खरं.

"राख असन," मी म्हनलं.

फोनमधून आवाज आला, "राख?"

"मंग? तू म्हनला ना साफ ठेव!"

"अवं माय! राखेत क्षारच असते!"

अन् हे मले म्हाईत नव्हतं का? साबण नव्हता तवा आम्ही राखेच्याच पाण्यानं कपडे धुत होतो. फक्त अक्कल त्या वेळेस दुसऱ्या खोलीत होती! म्हंजे मी इतके दिवस पोवळ्यायले नाही, माह्याच सफाईले मोजून राह्यली होती. अन् तिच्या भरोशावर त्या बिचाऱ्यायचं जेवण बंद!

मनीषानं नळी नळाखाली धो धो धुतली. (मी तिकडं पाह्यलं नाही. पाहवलं नसतं.) गाळलेल्या पाण्यानं खंगाळली, मंग पेटीच्या पाण्यानं. आता मोजलं तं पाच. उपाशी होते ते!

"पंप चालू करू का पूरा?" मी फोनवर विलासले इचारलं.

"नको माय, हळू हळू. उपाशी माणसाले पहिल्याच दिवशी पुरणपोळी देतेत काय?"

विलास आला तवा चपलेसकट पेटीकडं गेला. जांभळ्या फांदीचा शेंडा पांढराच राह्यला, तो गेला. बाकीच्यायनं तोंडं उघडले होते. लय वेळ पाह्यलं त्यानं. मंग म्हणे, "वाचले माय." मी म्हनलं, "वाचणारच. माह्या हातून कोणी मरत नाही, नुसते अर्धे होतेत."

आता बी तपास मीच करतो. नळी पेटीच्या पाण्यानं तीनदा खंगाळतो अन् तीनदा जीव खालवर होते, पण आकडा असा येते का विलास दुसऱ्यांदा इचारत नाही. मास्तरीण बी म्हणते, "आईचा आकडा म्हंजे पक्का."

परवा डॉक्टरनं माही लघवी तपासाले सांगतली. बारीकशी बाटली घरी देल्ली, सकाळी भरून आणा म्हणे. सकाळी मी मोरीत गेली अन् मनीषा दारावर थापा माराले लागली, "आई! बाटली घासू नका! आई, ऐकून राह्यल्या का? घासू नका!"

मी आतून म्हनलं, "सांगाले उशीर केला वं माय!"