टाचेची भेग

तिसऱ्या मजल्यावर पोचली की ती आधी दाराची चौकट धरायची, मग दुधाची बरणी खाली ठेवायची आणि आम्ही काही विचारायच्या आत सांगून टाकायची, "काय नाय व्हत."

कडावहून सकाळच्या टेंपोने कर्जतला येऊन आमच्या इमारतीत रतीब घालणारी ही बाई. साठीच्या आसपासची. पायऱ्या बेचाळीस. मला मोजायची सवय आहे. एका वर्षी ती फाटकापासून दारापर्यंत तीन मिनिटांत यायची, पुढच्या वर्षी तिला सात लागू लागली. उतरायची तर उलटी, शिडीवरून उतरावं तशी. अशी उतरणारी माणसं तुम्हीही पाहिली असतील. आपण त्यांना वाट देतो आणि पुढे जातो.

बायको म्हणाली, "मावशी, बरणी खालीच ठेवत जा. हे येऊन नेतील."

"भाऊंचं पाय टिकवा, वयनी. माझं त गेलंच हायेत."

पनवेलच्या डॉक्टरांनी उजवा गुडघा बदलायचं ठरवलं, पण लगेच नाही. आधी साखर उतरवा, वजन उतरवा, रक्त वाढवा, मांडीत ताकद आणा. "ऑपरेशन माझ्या हातात. त्याआधीचे तीन महिने तुमच्या हातात," ते म्हणाले. गुडघा बदलल्यावर उकिडवं बसता येणार नाही, हेही सांगितलं. ती म्हणाली, "बसायचं कुनाला हाय? मला चढायचंय."

ते तीन महिने मी माझ्याच हातात घेतले. जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर रकाने आखले. वजन, उपाशीपोटीची साखर, हिमोग्लोबिन, आणि पाय ताठ ठेवून किती वेळा उचलला ते. दूध ओतता ओतता ती आकडा सांगायची.

"आज वीस लिवा, भाऊ."

"खरे वीस?"

"म्हशीला इचारा. तिच्याम्होरंच पडून करते."

वजन अठ्ठ्याहत्तरचं एकाहत्तर झालं. साखर एकशे नव्वदवरून एकशे अठरावर आली. स्वतःच्या मुलाच्या गुणपत्रिकेने मला एवढा आनंद दिला नव्हता.

तारखेच्या आठ दिवस आधी ती चवड्यावर चालत आली. गुडघ्याचं लंगडणं मला पाठ होतं, हे ते नव्हतं. खोदून विचारलं तेव्हा ती पायरीवर बसली आणि तिने उजवी टाच वर केली. खोल भेग. कडा पांढऱ्या, आत लाल. कोकमाचं तेल चमच्यात वितळवून तिने ते भेगेत ओतलं होतं, ते मेणासारखं गोठलं होतं. थोडा वासही येत होता.

दवाखान्याने दिलेला कागद माझ्यापाशीच होता. जखम, फोड, किडका दात, काहीही असलं तर आधी सांगा, नाहीतर जंतू नव्या सांध्यात जातात. मी तिला तो दोनदा वाचून दाखवला.

"सांगाल त तारीख जाईल."

"जाऊ दे. पुढची मिळेल."

"पोराची सुट्टी जाईल. तो परत कवा येतोय? आनि भेग ती, भाऊ. कडावात कुनाच्या टाचंला नाय?"

हे खरं होतं. शेणात, चिखलात वावरणाऱ्या सगळ्याच टाचा तशा. आणि माझ्या कागदावर टाचेचा रकाना नव्हता.

भरती करताना डॉक्टरांनी विचारलं, "कुठे जखम, फोड, काही?" ती "नाय" म्हणाली आणि तिने माझ्याकडे पाहिलं. फाइल माझ्या मांडीवर होती. डॉक्टरांनी ती चाळली. "अशी तयारी करून घेणारे नातेवाईक मिळत नाहीत," ते म्हणाले. मी नातेवाईक नाही, रतिबाचं दूध घेतो, एवढी दुरुस्ती मी केली.

ऑपरेशननंतर तिसऱ्या दिवशी ती वॉकर धरून चालली. बाराव्या दिवशी गुडघा काटकोनात वाकला. मी दर रविवारी कडावला जायचो. तिसऱ्या रविवारी गुडघ्यावर हात ठेवला तर तो तापलेला. ती म्हणाली, "काय नाय व्हत." पुढच्या आठवड्यात टाक्यांतून पू आला. उघडून धुतलं, पुन्हा धुतलं. शेवटी नवा सांधा काढायचं ठरलं. जंतू कुठून आले ते आता कुणी सांगू शकणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. त्यांनी मला काही विचारलं नाही. मीही बोललो नाही.

सांधा काढला. त्यानंतर ती कुठलाच जिना चढली नाही. मला मात्र सांधा काढायच्या दिवशी तिला न्यायला आलेली गाडी आठवते. तिला मागच्या सीटवर आडवं झोपवलं होतं. पाय वाकत नव्हता, त्यामुळे दार लागत नव्हतं. तिची सून एकदम माझ्याकडे वळली.

"भाऊ, पायाला आधी काय व्हतं का? तुमीच समदं लिवत व्हता."

मी तोंड उघडायच्या आत गाडीतून आवाज आला, "त्यांना काय म्हाईत गं? ते दूध घेनारं मानूस."

"होतं," मी म्हणालो. "टाच चिरली होती. मला माहीत होतं."

दार लागावं म्हणून सुनेने सासूचा पाय दोन्ही हातांनी उचलला आणि हळूहळू आत सरकवला. टाच तिच्या तळहातावर होती. तिने तिकडे पाहिलं नाही. ती माझ्याकडेच बघत होती.