दादा कॅमेरा खाली ठेवतात

अवनी,

मी फिल्मचं शिकायला पुण्याला निघाले, तेव्हा धारच्या बसस्टँडवर आई रडत होती आणि दादा बसमध्ये चढून माझी बॅग सीटखाली बसवत होते. वडलांना आम्ही दादा म्हणतो, हे पुढे पुण्यात प्रत्येकाला समजावून सांगावं लागलं. धारमधली अर्धी लग्नं दादांनी शूट केलीत, पण त्या दिवशी कॅमेरा आणला नव्हता. "शिकून ये बेटा, पर सीझनला ये हं, मी एकटा पुरत नाही," एवढंच म्हणाले. बॅग मात्र बराच वेळ बसवत राहिले.

आता तू देवासहून विचारतेस, ॲडमिशन मिळालीय, जाऊ की नको? खरं सांगते. बागलीचा माझा मित्र महेंद्र असलं काही शिकायला गेलाच नाही. सरळ मुंबईत मालिकांच्या सेटवर लाइट उचलायला लागला. मी डिप्लोमा घेऊन पोहोचले, तोवर तो कॅमेरामन झाला होता आणि माझं पहिलं काम त्याच्याच हाताखाली. "आओ मॅडम" म्हणून चिडवायचं तो अजून सोडत नाही. वर्गात जे वर्षभर शिकवतात, त्यातलं पुष्कळ सेटवर चार-दोन महिन्यांत हाताला लागतं. शिवाय पहिल्या वर्षी पुण्यात मी आपल्या सवयीने सगळ्यांना भैयाऐवजी भिया म्हणायची आणि सगळे हसायचे.

मग मिळालं काय? चुका करायला वेळ मिळाला. काम वाईट असेल तर तसं तोंडावर सांगणारी माणसं मिळाली. आपल्याकडे सगळे "क्या बात है" म्हणून मोकळे होतात.

दादांची सवय तुला ठाऊक आहे. पाठवणीला नवरी वडलांच्या गळ्यात पडली की ते कॅमेरा खाली ठेवतात आणि गाडीचं दार लागलं की पुन्हा सुरू करतात. गिऱ्हाइकं कुरकुरतात, पण ते बधत नाहीत. दुसऱ्या वर्षी मी सीझनला आले, तेव्हा नालछ्याच्या एका लग्नात कॅमेरा माझ्याकडे होता. मी तो खाली ठेवला नाही. नवरीच्या वडलांचा चेहरा शेवटपर्यंत धरून ठेवला. इतका चांगला शॉट मला त्यानंतर मिळालेला नाही, आणि शिकायला गेले नसते तर तोही मिळाला नसता.

दादांना दाखवला. त्यांनी दोनदा पाहिला.

"मस्त घेतलास," म्हणाले. "पर तू निघालीस त्या दिवशी कुणी माझा असा घेतला असता ना, तर मला नसतं चाललं."

ते सीटखाली एवढा वेळ का वाकले होते, हे मला तेव्हा कळलं. फार वाईट वाटलं, आणि बरंही वाटलं.

तेव्हा तू जा. कॅमेरा धरून ठेवायला शीक, ते तिथे नीट शिकवतात. तू निघशील त्या दिवशी मी देवासच्या स्टँडवर येईन, पण फोन पर्समधून काढणार नाही. माझ्यापुरतं आता घर तेच, जिथे आपल्या जाण्याचा शॉट कुणी घेत नाही. आणि काका तुझी बॅग बसवायला वाकले, तर त्यांना घाई करू नकोस.