अर्ध्यावर थांबवलेला डोळ्याचा धडा

यंदाच्या संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी, करीला, सकाळच्या शाळेत मंगलबाईंचा डोळ्याचा धडा अर्ध्यावर बंद पाडला गेला. अपमान बाईंचा झाला. अन्याय झाला सातवीतल्या रेणुकावर.

किल्लारीजवळच्या आमच्या गावात बाई विज्ञान शिकवायच्या. मीही त्यांच्याच हाताखाली शिकलो. दर करीला त्या सातवीच्या वर्गासाठी खाटकाकडून बोकडाचा डोळा आणायच्या आणि ब्लेडने कापून आतलं भिंग वर्तमानपत्रावर ठेवायच्या. खालची अक्षरं मोठी दिसली की पोरं एकमेकांवर पडायची. मग पुढची पारदर्शक काच बोटावर घेऊन म्हणायच्या, "पोरांनो, हिच्यावर चरा पडला तर चोळायचं न्हाई. पाणी मारायचं अन् थेट डोळ्याचा दवाखाना. घरातले उरलेले थेंब तर बिलकूल न्हाई."

यंदा भिंगापर्यंतच पोचल्या होत्या. शाळा समितीचे अध्यक्ष दारात आले.

"मॅडम, सणासुदीचं पोरींच्या हातात हे काय देऊन राहिलात?"

"तुमच्या घरी आज काय शिजून राहिलंय, दादा? रस्सा ओरपताना चालतं, शिकताना बाटतं व्हय?"

पोरं हसली. अध्यक्षांना तेच झोंबलं. डोळा उकिरड्यावर गेला, तक्रार वर गेली आणि मुख्याध्यापकांनी तो धडा पुन्हा घ्यायचा नाही म्हणून बजावलं.

त्याच महिन्यात गुरांसाठी उसाचे वाढे, म्हणजे शेंड्याचा हिरवा पाला, आणायला गेलेल्या रेणुकाच्या डोळ्याला पातं लागलं. आजीने मायेनेच आजोबांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर उरलेले थेंब घातले. लाली उतरली. घरचे म्हणाले, "गुण आला." पात्यावरची बुरशी आत वाढत होती आणि त्या थेंबांतल्या स्टिरॉइडने तिला मोकळं रान दिलं. बुबुळावर पांढरं फूल पडल्यावर तिला लातूरला नेलं. डॉक्टर म्हणाले, लगेच आणली असती तर डोळा वाचवता आला असता.

बाईंची बदली हिमायतनगरकडे झाली. जीपमध्ये त्यांची पेटी मीच चढवली. तेवढ्यात रेणुकाची आजी आली.

"बाई, तुमाला ठावं व्हतं तर सांगायचं तरी."

"सांगूनच राहिले होते, आजी. सांगू दिलं न्हाई."

बाईंनी तिचा हात बराच वेळ धरून ठेवला. जीपवाल्याने हॉर्न दिला.

त्या शाळेत तो धडा अजून बंद आहे. ऊस उभाच आहे, पोरंही रोज त्यात शिरतात. तुम्ही पालक असाल तर येत्या पालकसभेत उभे राहा आणि सगळ्यांसमोर विचारा, डोळ्याचा धडा शेवटपर्यंत कधी शिकवणार? उत्तर मिळेपर्यंत खाली बसू नका.