सातवा सूर

आमच्या दाजींना, म्हणजे थोरल्या बहिणीच्या नवऱ्याला, लोक 'घसरगुंडी' म्हणतात. तोंडावर नाही, पण म्हणतात. दाजी क्लॅरिनेट वाजवतात आणि मी त्याच स्टुडिओत ड्रम बडवतो. टीव्हीवरच्या विनोदी कार्यक्रमात कुणी आपटलं, कुणाची पँट फाटली, की सहा सूर घसरत खाली येतात. मग सगळं गप्प. संपलं असं वाटतं, तोच मागून एक सातवा सूर येतो. ते वाजवणारे आमचे दाजी. आता ते सूर घरोघरी मोबाईलवर आहेत. शेजारचे आजोबा शिंकले तरी त्यांची नात ते वाजवते.

गंमत अशी की, दाजींच्या मते ती चाल विनोदी नाहीच. लहानपणी क्लासमध्ये त्यांच्या गुरुजींनी शिकवलेली ती फार दुःखी चाल. पंधरा वर्षांपूर्वी एका मालिकेत आजी मरते त्या प्रसंगाला दाजींनी ती डोळे मिटून वाजवली, आणि काचेपलीकडे दिग्दर्शक पोट धरून हसायला लागला. आजीचं मरण राहिलं बाजूला, चाल गेली विनोदी कार्यक्रमात.

"हसण्यासारखं आहे काय त्यात?" दाजी मला विचारायचे. "सूर बरोबर, लय बरोबर. मग?"

मला काय कप्पाळ ठाऊक! "दाजी, लोक हसतायत ना? हसू द्या की," मी वैतागून म्हणायचो. पण त्यांचा जीव अडकला होता गुरुजींपाशी. गुरुजींच्या दुःखाची आपण थट्टा मांडली, या शरमेनं ते पंधरा वर्षं त्यांना भेटलेच नव्हते.

आणि गुरुजींच्या ऐंशीव्या वाढदिवसाचं बोलावणं आलं. जुन्या शिष्यांनी एकेक चीज वाजवायची. दाजींच्या चिठ्ठीत गुरुजींनी स्वतःच्या हातानं लिहिलं होतं, 'तू तीच वाजव.'

"सगळ्यांसमोर झापणार मला," दाजी म्हणाले. जेवण सुटलं त्यांचं.

ताई भडकली. "गुरुजींची गल्ली टाळायला तुम्ही अख्ख्या बाजाराला वळसा घालता, आणि दुपारपर्यंत माझ्या घरात भाजी येत नाही. जा, आणि काय बोलणी खायची ती एकदाची खाऊन या!"

मी सोबत गेलो. क्लासची तीच जुनी खोली, तीसेक खुर्च्या, समोर गुरुजी. दाजींनी हळू, अगदी कळवळून सुरुवात केली. सहा सूर झाले. दाजी थांबले. मागे कुणीतरी फिसकन हसलं. सातवा सूर आला आणि खोलीत हशाच फुटला! गुरुजींनी रुमालात तोंड लपवलं होतं, खांदे गदगदत होते.

दाजी क्लॅरिनेट टाकून धावले. "गुरुजी, चुकलं माझं. तुमच्या दुःखाचा मी तमाशा केला."

गुरुजींनी रुमाल काढला. हसून हसून त्यांना धाप लागली होती. "कुठलं दुःख, अरे?"

दाजी त्यांच्या पायाशी बसले.

"क्लासला सहा जण वेळेवर यायचे. त्यांचं वाजवून झालं की दारातून तू यायचास, सातवा, धापा टाकत. तुझी फिरकी घ्यायला बांधली होती ती चाल!"

"मग तेव्हाच सांगितलं का नाहीत?"

"ऐकून तू रडलास. म्हणालास, किती दुःख आहे यात! म्हटलं, उद्या सांगू. पण तू ती इतकी जीव ओतून वाजवायला लागलास, की मला धीरच होईना." गुरुजींनी रुमालाची घडी घातली. "मग ती टीव्हीवर ऐकली. वाटलं, चला, कळलं एकदाचं पोराला. रोज वाट बघायचो, आज येईल, उद्या येईल. आला का नाहीस रे?"

दाजींनी वाकून त्यांचे पाय धरले. मी जाऊन क्लॅरिनेट उचलून पेटीत ठेवलं.

परत येताना ते एकदाच बोलले. "म्हणजे इतकी वर्षं मी रडलो, ते कशाला?" मी त्यांची पेटी या हातातून त्या हातात घेतली.

ताईनं दार उघडलं. "फार बोलले का हो?"

दाजी एक बूट काढून तो हातात धरून उभे राहिले. आणि एकाएकी असे हसत सुटले, की पायरीवरच बसले. डोळ्यांतून घळाघळा पाणी.

"अगं बाई, कशाला हसतायत हे?" ताईनं मला विचारलं.

"गुरुजींच्या विनोदाला."

"आज केला?"

"छे. चाळीस वर्षं झाली."