विंगेतला फोटो

शेजारची वेबसाइटवाली दिवसभर काळ्याकुट्ट स्क्रीनकडे टक लावून बसते, आई गेल्यापासून तिच्या डोक्यावर परिणाम झालाय, अशी बातमी आमच्या जिन्यात फिरत होती. पसरवली कोणी? मीच. पण मी फक्त दुसऱ्या मजल्यापर्यंतच सांगितली होती, पुढचं मला ठाऊक नाही.

खरं काय ते परवा कळलं. तिचा डबा परत करायच्या निमित्ताने मी आत घुसले. डबा रिकामाच होता, उगाच खोटं कशाला बोलू! स्क्रीन चांगली चालू होती. त्यावर एक काळा फोटो होता. चष्मा पुसून पाहिलं, तर कोपऱ्यात टॉर्चचा एवढासा उजेड, वहीचं पान आणि त्यावर टेकवलेलं बोट.

"कोण गं हे?"

"आई."

तिची आई नाटक मंडळात प्रॉम्प्टर होती. तीस वर्षं अंधाऱ्या विंगेत बसून नटांना विसरलेली वाक्यं हळूच पुरवायची. चार महिन्यांपूर्वी गेली. लेक रडली नाही, चौथ्या दिवशी पुन्हा कामाला बसली. काम म्हणजे त्याच मंडळाची वेबसाइट नव्याने करायची. त्यातला एक नियम असा, की ज्याचा मंडळात काम करतानाचा फोटो असेल, त्याचंच नाव पानावर लागणार. आईचा तसा फोटो हा एवढाच.

"असला नियम कुठल्या शहाण्याने केला?"

"मीच, काकू. आई होती तेव्हा. लक्षातच आलं नाही."

गार झालेला चहा ती तसाच प्यायली. साय काढायचंही तिला सुचलं नाही.

तेवढ्यात मंडळाच्या सचिवांचा फोन आला. तिने तो स्पीकरवर टाकला.

"अगं, तुझ्या आईच्या नावावर नुसता काळा चौकोन दिसतोय! फोटो उघडत नाही का?"

"उघडलाय."

"मग चेहरा कुठंय? लोक म्हणतील साइट बिघडली. उद्या सुरू करायचीय. काढून टाक तो, नावासकट."

त्यांना चार शब्द सुनवायला मी पदर खोचला. पण जन्मात पहिल्यांदा मला वाक्य सुचेना, आणि पुरवणारी तर गेलेली.

ती स्क्रीनवरची नजर न हलवता म्हणाली, "काका, ती दिसली असती तर तिचं काम चुकलं असतं. फोटो बरोबर आहे. पुढच्या पानाचं बोला."